तलावाचा श्वास

तलावाकडे आपण बहुधा पाण्याचा साठा म्हणून पाहतो. तो किती भरला, किती शेती भिजवील आणि किती महिने पुरेल, एवढाच हिशेब मांडला जातो. परंतु तलाव ही एक सजीव व्यवस्था आहे. तिचे आरोग्य पाण्याच्या काही साध्या भौतिक गुणधर्मांवर अवलंबून असते.

बहुतेक द्रवपदार्थ थंड होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र 4 अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाल्यास ते पुन्हा हलके होऊ लागते. म्हणूनच शीत प्रदेशांतील सरोवरांवर बर्फ तरंगतो आणि त्याखाली मासे हिवाळा काढतात. आपल्याकडे याच गुणधर्माची दुसरी बाजू महत्त्वाची ठरते. 10 अंशांचे पाणी एका अंशाने तापले असता जेवढे हलके होते, त्याच्या सुमारे तिप्पट हलके 29 अंशांचे पाणी एका अंशाने तापल्यावर होते. त्यामुळे उन्हाळ्यात खोल जलाशयातील वरचे ऊन पाणी खालच्या गार पाण्यावर थरासारखे पसरून राहते. वाऱ्याने ते सहजासहजी मिसळत नाही आणि तळाशी प्राणवायू पोचेनासा होतो.

प्राणवायूचा ताळेबंद

20 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. तेवढ्याच हवेत याच्या जवळजवळ पस्तीस पट प्राणवायू असतो. म्हणजे जलचरांचे भांडवल मुळातच तुटपुंजे असते. उन्हाळ्यात ते आणखी घटते आणि नेमकी त्याच वेळी माशांची गरज वाढते.

दिवसा शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायूची भर घालतात. रात्री मात्र सर्वच जीव तो खर्च करतात. यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. सांडपाणी तलावात सोडल्यास ते कुजविणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवितात. त्यातील नत्र व स्फुरदावर जलपर्णी माजते आणि तिच्या आच्छादनामुळे प्रकाश व हवा दोन्ही अडतात.

मालगुजारी तलावांचे उदाहरण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांच्या उभारणीत कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. धानाच्या सिंचनाबरोबरच मासेमारीसाठीही हे तलाव उपयोगी पडतात. ते उथळ असल्याने वाऱ्याने त्यांचे पाणी ढवळले जाते, हा त्यांचा लाभ होय. मात्र गाळ साचून पाणी आणखी उथळ झाले, की ते लवकर तापते आणि लवकर आटते. काठावर बेशरम माजली, की स्थानिक पाणवनस्पतींची जागा जाते. या वनस्पती म्हणजे माशांच्या पिलांचा निवारा आणि पाणपक्ष्यांचे खाद्य.

तेव्हा गाळ काढताना काठावरील उपयुक्त वनस्पतींचे पट्टे राखावेत, बेशरम व जलपर्णी मुळासकट काढावी आणि सांडपाणी शुद्ध केल्याखेरीज तलावात येऊ देऊ नये. जलप्रदूषण रोखण्यासाठी 1974 पासून केंद्रीय कायदा आहे. परंतु पहाटे तलावाच्या काठी उभे राहून पाणी निरखणारे गावकरी व मच्छीमार हेच त्याचे पहिले राखणदार होत. तलाव भरलेला असणे पुरेसे नाही. तो जिवंतही राहिला पाहिजे.