दोन प्रश्न विचारायचे राहिले

बालरोगतज्ज्ञाने बीजांडकोशाच्या कर्करोगाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु घरच्या डॉक्टरला त्याची शाखा विचारून कोणी सल्ला मागत नाही. पुण्यास असलेल्या माझ्या वहिनींना हा आजार होता. चार दिवस शौचास झाले नाही, असा दूरध्वनी आला आणि मी इंदूरहून रेचक सुचविले. त्या रात्रभर कळांनी तळमळल्या. तो आंत्ररोध होता. वायू सरतो का, उलट्या होतात का, हे दोन प्रश्न मी विचारलेच नव्हते.

हा कर्करोग उदरपोकळीच्या आवरणावर पसरतो. गाठींमुळे आतडे अनेक ठिकाणी दाबले जाते, त्याची वेटोळी एकमेकांस चिकटतात. मॉर्फीन, ऑनडॅनसेट्रॉन अशा औषधांनी होणारी बद्धकोष्ठता निराळी. मॉर्फीनसोबत तर प्रारंभापासूनच रेचक द्यावे लागते. मात्र कळा, पोटफुगी, वारंवार उलट्या आणि वायूही न सरणे ही लक्षणे असतील, तर रेचक देऊ नये; खाणेपिणे थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. बेव्हासिझुमॅब घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात अचानक तीव्र वेदना उठल्यास आतड्याला छिद्र पडल्याची शंका घ्यावी.

रुग्णालयात शिरेवाटे द्रव देतात, नाकातून जठरात नळी घालतात आणि सीटी स्कॅन करतात. अडथळा एकाच जागी व प्रकृती बरी असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. अडथळे अनेक असल्यास तिचा लाभ क्वचितच होतो. अशा रुग्णांची लक्षणे औषधांनी आटोक्यात ठेवता येतात, हे लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमधील डॉ. मेरी बेन्स व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखविले. आज ऑक्ट्रिओटाइडने स्राव घटतात, हायोसिन ब्यूटिलब्रोमाइडने कळा शमतात, डेक्सामेथासोनने सूज उतरते, हॅलोपेरिडॉलने मळमळ थांबते. पूर्ण अडथळ्यात मेटोक्लोप्रमाइड टाळावे. वेदनेसाठी मॉर्फीन त्वचेखाली देता येते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळविणे सुलभ झाले आहे.

वहिनींवर शस्त्रक्रिया शक्य नव्हती. औषधांनी उलट्या थांबल्यावर त्यांनी घोटभर चहा मागितला. डॉक्टरांनी संमती दिली. अखेरचे तीन आठवडे त्या घरीच, माणसांत होत्या. आजार बरा करता येत नाही, तेव्हाही करण्याजोगे पुष्कळ उरते. आपल्यालाही असा दूरध्वनी येईल. तेव्हा औषधाचे नाव सांगण्यापूर्वी ते दोन प्रश्न अवश्य विचारावेत.