पुड्यावरची बाकी

परवा बिस्किटांचा एक पुडा घरी आला, आणि मुनीम जुनी कीर्द उघडून बसतो तसा मी त्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचीत बसलो: शंभर ग्रॅममागे कर्बोदके 70, त्यांपैकी साखर 20, प्रथिने 8, स्निग्ध पदार्थ 18, आणि तंतुमय पदार्थ, ज्यांना घरात सरळ चोथा म्हणतात, ते 6. साखर कर्बोदकांतच मोडते म्हणून ती वगळून उरलेल्यांची बेरीज केली, तर ती भरली 102. शंभर ग्रॅम जिनसात, पाणी आणि क्षार जमेस न धरताच, एवढा ऐवज मावला कसा? चूक छापखान्याची नव्हती. चोथ्याचे ते 6 ग्रॅम वरच्या 70 मध्ये एकदा मोजलेलेच होते. खाली त्यांचा केवळ तपशील दिला होता.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने चोथा हेही कर्बोदकच. तांदळातले पिष्ट आणि कोंड्यातला सेल्युलोज या दोहोंत ग्लुकोजचेच मणी ओवलेले असतात, फक्त सेल्युलोजमधली गाठ अशी पडलेली असते की आपल्या पाचकरसांना ती सुटत नाही. शिवाय कर्बोदकांचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेलाच नसतो. पदार्थ वाळवून पाणी, नत्रावरून प्रथिने, द्रावकात विरघळवून स्निग्धांश आणि जाळून राख काढावी, हे सारे शंभरातून वजा करावे, आणि जी बाकी उरेल तिला कर्बोदके म्हणावे, असा हा जुना प्रघात. तेव्हा त्या बाकीत चोथा आपसूक येऊन बसतो.

अमेरिकेत ही बाकी चोथ्यासह छापतात. युरोपात चोथा आधीच बाजूला काढून त्याचे खाते वेगळे मांडतात. भाच्याने लंडनहून आणलेल्या ओटच्या पुड्यावरून मी मोठ्या चातुर्याने चोथा वजा केला, म्हणजे जो आधीच वजा झाला होता तो दुसऱ्यांदा! माझे त्यात काही बिघडले नाही; पण जेवणातील कर्बोदके मोजून इन्शुलिनची मात्रा ठरविणाऱ्या मधुमेह्याला अशी दुहेरी वजावट भोवू शकते.

संशय आला तर उष्मांकांकडे वळावे. कर्बोदके व प्रथिने यांच्या दर ग्रॅमला 4, स्निग्धांशाला 9, आणि चोथ्याला, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा काही भाग आंबवून आपल्या पदरात घालतात म्हणून, 2 किलोकॅलरी, हा युरोपीय दर. माझ्या पुड्यावर 462 छापले होते; 70 मधून 6 काढून उरलेल्या 64 ना 4 चा व त्या 6 ना 2 चा दर लावला, तर हिशेब पैला पै जुळतो. सगळे 70 चौपट केले असते, तर 474 झाले असते.

आता दर्शनी बाजूवरच्या ठळक बढाईविषयी. शंभर ग्रॅममध्ये 6 ग्रॅम चोथा असला की आपल्याकडच्या नियमांप्रमाणे तो 'भरपूर' म्हणता येतो, आणि माझा पुडा त्या उंबरठ्यावर जेमतेम उभा होता. पण शंभर ग्रॅम बिस्किटे एका बैठकीत कोण खातो? चहाबरोबर चार, म्हणजे फार तर 30 ग्रॅम, पोटात गेली, तर चोथा मिळतो 1.8 ग्रॅम; उलट न चाळलेल्या 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत तो सुमारे 6 ग्रॅम असतो.