मूर्ती नसलेला खांब

छत्तीसगडमध्ये रायपूरहून बलौदाबाजारच्या वाटेला लागलं की गावागावांत एखाद्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, ओट्यावर उभा पांढरा खांब दिसतो. टोकाला पांढरं निशाण. नवख्याला वाटावं, कुठल्या पक्षाचा झेंडा असेल. हा जैतखाम, सतनामी समाजाचा जयस्तंभ. निशाणाला म्हणतात पालो. १८ डिसेंबरला, गुरू घासीदासांच्या जयंतीला, नवा पालो चढतो आणि मांदर-झांजेच्या ठेक्यावर खांबाभोवती पंथी नाच रंगतो.

घासीदास १७५६ साली गिरौदपुरीत जन्मले. दोनच वर्षांनी नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी रतनपूरला कारभार पाहू लागले. रामटेकची आठवण म्हणून की काय, तिथल्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधलं. अशा देवळांची पायरी ज्यांना वर्ज्य होती, त्या अस्पृश्य ठरवलेल्या शेतकऱ्यांना घासीदासांनी सांगितलं: मूर्ती नको, मांस-दारू नको, जातपात नको, गाय नांगराला जुंपू नका, दुपारनंतर नांगर धरू नका. यातला शेवटचा नियम मला फार आवडतो. कष्टाच्या जनावराचा धर्मात असा विचार किती जणांनी केला?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात चर्चच्या आवारात उभी असलेली दगडी क्रूसशिल्पं जैतखामाच्याच कुळातली वाटतात. गिमिलियो गावचं शिल्प १५८१ ते १५८८ या काळातलं. त्यावर सुमारे २०० मूर्ती. निरक्षर गावकऱ्यांना पाद्री एकेका मूर्तीकडे बोट करून येशूची कथा सांगे. जैतखामावर बोट दाखवायला काहीच नाही. इथली गुरुकथा पंथी नाचणाऱ्यांच्या तोंडी असते.

ब्रिटनीतल्याच प्लुगास्तेलचं शिल्प १५९८च्या प्लेगनंतर, १६०२ ते १६०४ मध्ये घडवलं गेलं. १९४४च्या युद्धात त्याची मोडतोड झाली, नंतर ते पुन्हा सांधलं. इकडे मे २०२४ मध्ये गिरौदपुरीजवळच्या अमरगुफेतला जैतखाम कुणीतरी तोडला. १० जूनला बलौदाबाजारात त्याच्या निषेधाला जमलेल्या गर्दीतून जिल्हाधिकारी कार्यालयच पेटलं. जाळपोळीचं समर्थन नाहीच. पण ज्याला बाहेरचा माणूस नुसता खांब समजतो, तो त्या वस्तीचा मान असतो, हे तेव्हा राज्यभर कळलं.

गिरौदपुरीत सरकारनं बांधलेला जैतखाम ७७ मीटरचा, कुतुबमिनारपेक्षा उंच. तो पाहाच. मात्र जाताना वाटेतल्या एखाद्या पाऱ्यातही थांबा, आणि चपला ओट्याखालीच काढा.