हत्यार आपले की भाड्याचे?

लेथवर काम करणारा कारागीर लागेल तो साचा स्वतःच घडवतो. घरी बसून व्हिडिओ गेम बनवणाऱ्या हौशी मुलांचेही तसेच असते, हे नगर जिल्ह्यातील आपल्या कारागीर बंधूंना सांगावेसे वाटते. नकाशा मांडण्याचे, चित्रे हलवण्याचे छोटे प्रोग्राम ही त्यांची हत्यारे. त्यांच्या पूर्ण संचाला इंजिन म्हणतात.

अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम सुमारे साडेचार वर्षे खपून एकट्याने बनवला. प्रोग्राम, चित्रे, संगीत, सारे त्यांचेच. २०१६ मध्ये तो बाजारात आला आणि तुफान खपला. आपल्या शेजारी पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. तो मात्र अनरिअल या तयार इंजिनवर.

तयार हत्यार घेण्यात कमीपणा नाही, पण करार नीट वाचावा. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनच्या कंपनीने ठराविक उलाढालीपुढे प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे आकारणी जाहीर केली. म्हणजे करवत देऊन झाल्यावर प्रत्येक खुर्चीमागे वसुली! जगभर ओरड झाली. वर्षभराने निर्णय मागे घेतला गेला.

अर्जेंटिनातील दोघांनी घडवलेले गोडो इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. भाडे नाही, हिस्सा नाही. घरचा मुलगा संगणकावर रमत असेल तर आमच्या मते सुरुवात याच्यापासून करावी. पुढे ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात. १,००० डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात.