किताब आणि काम

सुरतेजवळचे सचिन आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. जंजिऱ्याच्या गादीवरील हक्काच्या मोबदल्यात १७९१ मध्ये सिद्दी अब्दुल करीमखानाला पेशव्यांकडून हा मुलूख मिळाला. पुढे या नवाबांना नऊ तोफांची सलामीही लाभली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५० च्या राज्यघटनेने, लष्करी व विद्याविषयक पदव्या वगळता, किताबच रद्द केले. किताब गेले, हौस मात्र उरली.

रायगडावर दरवर्षी शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो. तो आम्हांसही प्रिय आहे. परंतु १६७४ मध्ये अष्टप्रधानांचा जो मान झाला, तो पदाचा होता आणि प्रत्येक पदामागे नेमून दिलेले काम होते. गावोगाव वाटल्या जाणाऱ्या ‘भूषण’ पदव्यांमागे ते कोठे आहे? शाल-श्रीफळ देणाऱ्यांनी आधी कामाची चौकशी करावी, एवढेच आमचे म्हणणे.