कांद्याचे बी, फुलकिडे आणि मधमाशीच्या फेऱ्या

हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागली की बातमी होते आणि दर कोसळले की आणखी मोठी होते. त्या कांद्याचे बी कुठून आले, याची चर्चा मात्र फक्त ते फसले की होते. रोपवाटिकेत बी विरळ उगवते किंवा ऐन पोसण्याच्या वेळी निम्मे शेत डेंगळ्यांनी, म्हणजे अवेळी आलेल्या फुलांच्या दांड्यांनी, भरते, तेव्हा मोहोळ, बार्शी, करमाळ्याकडे हमखास एक प्रश्न निघतो: बी घरचे धरता येईल का?

धरता येते. आपल्याकडचा बहुतेक कांदा संकरित नसून सरळ वाणांचा आहे, त्यामुळे त्याचे गुण बियातून पुढे उतरतात. शिवाय कांदा इतर कंदांच्या मानाने फार घाईचा. हिमालयात औषधासाठी खणल्या जाणाऱ्या फ्रिटिलारियाला बियापासून फुलावर यायला कित्येक वर्षे जातात. कांदा दोन हंगामांत बियापासून बियापर्यंत पोचतो. पहिल्या हंगामात कंद भरतो, दुसऱ्यात तोच कंद थंडी खाऊन फुलाचा दांडा वर काढतो.

थंडी लवकर किंवा जास्त पडली तर हा दांडा पहिल्याच हंगामात येतो. त्यालाच डेंगळा म्हणतात. आयता आलेला डेंगळा पाहून त्याचेच बी धरण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. जे झाड लवकर डेंगळते, त्याची पिलावळही लवकर डेंगळणारी निघते. योग्य वाट लांबची आहे. रब्बीचा कांदा एप्रिलमध्ये काढायचा, उन्हाळा-पावसाळा चाळीत ठेवायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला त्यातला न सडलेला, कोंब न फुटलेला, एकडोळ्याचा, मध्यम आकाराचा कांदा निवडून लावायचा. चाळीतले हे सहा-सात महिने वाया जात नाहीत. टिकणारा कांदा कोणता, हे तिथे आपोआप ठरते आणि टिकाऊपणा पुढच्या बियात जातो. निवडीची इतकी स्वस्त आणि इतकी कडक परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही.

खरी गुंतागुंत गोंडा फुलल्यावर सुरू होते. एका गोंड्यात शेकडो फुले असतात. एक फूल हातात घेऊन भिंगाखाली पाहिले तर सहा पुंकेसर दिसतात. आतले तीन आधी फुटतात, मग बाहेरचे तीन. त्या वेळी मधला स्त्रीकेसर जेमतेम मिलिमीटरभर असतो. तो वाढून परागकण घ्यायला तयार होतो तोवर त्याच फुलातले पराग सांडून गेलेले असतात. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो आणि हे काम मुख्यतः मधमाशी करते. सगळे जमले तर एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया. याच परपरागीकरणामुळे प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटपासून 500 मीटरपर्यंत दुसऱ्या वाणाचा फुललेला कांदा चालत नाही, पायाभूत बियाण्याला तर हजार मीटर.

मधमाशीला कांद्याच्या मकरंदाचे फार प्रेम नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते तिला रुचत नसावे, असे अमेरिकी संशोधकांनी 1972 मध्ये मांडले. शेजारी करडई किंवा सूर्यफूल फुललेले असेल तर ती तिकडे वळण्याची शक्यता असते. सोलापूर तर करडईचाच मुलूख.

संकरित कांद्याचा इतिहासही अशाच एका गोंड्यातून सुरू झाला. 1925 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना ‘इटालियन रेड’ वाणाच्या वाफ्यात एक झाड दिसले. त्याच्यात पराग तयार होत नव्हता, त्यामुळे स्वतःचे बी धरणे त्याला अशक्य होते. सुदैवाने गोंड्यातच त्याला इवल्या कांद्या आल्या होत्या. जोन्स यांनी त्या लावल्या आणि झाडाचा वंश टिकला. 1943 मध्ये त्यांनी क्लार्क यांच्यासह या नरवंध्यत्वाची आनुवंशिकता उलगडली आणि संकरित कांद्याचा रस्ता मोकळा झाला. पुढे ही युक्ती इतर पिकांतही वापरली गेली, तरी संकराच्या गोष्टी सांगताना मका आणि भाताचाच उल्लेख होतो. जोन्स आणि त्या वांझ झाडाला त्यांचा मान मिळायला हवा.

आता फुलकिडे. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची ही कीड मधल्या कोवळ्या पातीच्या बेचक्यात दडते. तिला दोन जबडे नसतात, फक्त डावा वाढलेला असतो. त्याने ती पात खरवडते आणि रस शोषते, म्हणून पातीवर चंदेरी चट्टे उठतात. अंडी पातीच्या आत, कोष जमिनीत. मादीला प्रजननासाठी बहुधा नर लागत नाही. त्यामुळे कोरड्या, उबदार हवेत तिची संख्या बघता बघता वाढते. सोलापूरची हवा तिला मानवते. शिवाय ती ‘आयरिस यलो स्पॉट’ हा विषाणू पसरवते. भारतात कांद्यावर त्याची नोंद 2006 मध्ये महाराष्ट्रातूनच झाली.

साहजिकच फवारणी होते, बियाण्याच्या प्लॉटवर तर जास्तच. नेमके इथेच नुकसान होते. कॅलिफोर्नियात हा विषाणू आल्यावर बियाणे उत्पादकांनी फुलकिड्यांवर औषधांचा मारा वाढवला आणि बी कमी पडू लागले. रॅचेल लाँग आणि लोरा मोरँडिन यांनी 2011 मध्ये दाखवले की बी मधमाश्यांच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे आणि फुलोऱ्याआधीच्या काही फवारण्यांनीही त्या फेऱ्या घटतात. म्हणून ‘एका फवारणीत फुलकिडे साफ’ अशी जाहिरात बियाण्याच्या प्लॉटवाल्याने तरी संशयानेच वाचावी.

उपाय लवकरचे हवेत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस साधी आहे: लागवडीच्या महिनाभर आधी प्लॉटभोवती बाहेरून मक्याची आणि आतून गव्हाची ओळ पेरावी. उडत येणारे फुलकिडे त्या भिंतीला अडतात. पीक लहान असताना तुषार सिंचनाने बरेच धुऊन जातात. नत्राचा अतिरेक टाळावा, कारण लुसलुशीत पात त्यांना आवडते. औषध मारावेच लागले तर गोंडे उमलण्याच्या बरेच आधी. एकदा फुले उघडली की पंप बाजूला ठेवावा आणि जमल्यास बांधावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात.

गोंडे एकदम पिकत नाहीत. काही बोंडे फुटून काळे बी दिसू लागले की ते दोन-तीन तोडण्यांत काढायचे, सावलीत वाळवून मळायचे. बी साध्या हवेत जेमतेम वर्षभर टिकते. दुसऱ्या वर्षी उगवण झपाट्याने घसरते, तेव्हा ते हवाबंद डब्यात ठेवून येत्या हंगामातच वापरावे.