अंगणातील भूर्जवृक्ष

भूर्जपत्र म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जुनी पोथी उभी राहते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत झाली, त्यांपैकी काश्मीरमधील एक हस्तलिखित शारदा लिपीत भूर्जपत्रावर लिहिलेले आहे. ही साल ज्या झाडाची, ते झाड मात्र थोड्यांनीच पाहिलेले असते.

हिमालयात वृक्षांची सीमा जेथे संपते, तेथे, साधारणतः ३००० ते ४२०० मीटर उंचीवर भूर्ज वाढतो. गोमुखाच्या वाटेवरील भोजबासा हे नाव त्याच्यावरूनच पडले. जळणासाठी झालेल्या तोडीमुळे तेथील वन विरळ झाल्यावर गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९९० च्या दशकात त्या परिसरात पुन्हा रोपे लावली.

लाहौल किंवा गढवालच्या वरच्या गावांत ज्यांचे घर आहे, त्यांना हे झाड अंगणात लावता येते. त्याला खरी गरज उंचीची नसून गारव्याची असते. ब्रिटनमधील उद्यानांत, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या जागीही, त्याचा पांढऱ्या सालीचा प्रकार हौसेने लावतात. त्याला ज्यांचे नाव मिळाले ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर झाकमाँ १८३२ साली मुंबईत निवर्तले, हा एक योगायोग. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र भूर्ज तग धरणार नाही. तेथे रोप नेणे व्यर्थच.

भूर्जाची मुळे उथळ असतात आणि तापलेली, कोरडी माती त्यांना सोसत नाही. म्हणून दुपारनंतर सावली येईल अशी, पाणी न साचणारी जागा निवडावी आणि बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा. पहिली काही वर्षे कोरड्या दिवसांत नियमित पाणी द्यावे. झाड वीस मीटरपर्यंत वाढू शकते, तेव्हा भिंतीपासून पंधरा-वीस फूट दूर लावणे शहाणपणाचे. बी अत्यंत बारीक असते. ते ओलसर मातीवर नुसते पसरावे, गाडू नये, कारण उगवण्यास त्याला प्रकाश लागतो. वसंतात फांदी छाटल्यास रस वाहत राहतो, म्हणून छाटणी उन्हाळा सरताना करावी.

सालीचा मोह सर्वांत घातक. बाहेरचे कागदासारखे पापुद्रे आपोआप सुटतात, तेवढेच घ्यावेत. त्यांच्याखालच्या जिवंत सालीतून अन्नरस मुळांकडे जातो. ती बुंध्याभोवती सोलली गेली, की मुळांची उपासमार होऊन झाड वाळते. अंगणातील झाड पाहुण्यांच्या हाताशी असल्याने तेथे हा धोका अधिकच.